किल्ली बंद, धूर चालू

इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीजवळ राहणाऱ्या एका मराठी अभियंत्याने आपली एमजीबी गॅरेजमध्ये सोडताना जॉबकार्डावर एक ओळ स्वतः उभं राहून लिहून घेतली होती : गाडी पॉझिटिव्ह अर्थ आहे. काम किरकोळ होतं. फोनवरचा नकाशा चालू राहावा म्हणून डॅशबोर्डखाली बारा व्होल्टचं एक सॉकेट बसवायचं, इतकंच. ती ओळ गॅरेजमध्ये कुणी वाचलीच नाही. गाडीच्या मालकाचा राग अजून ओसरलेला नाही, आणि सगळं ऐकल्यावर तो रास्तच वाटतो.

एमजीबी ही दोन आसनी स्पोर्ट्स कार १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनली. १९६७ साली तिची सुधारित आवृत्ती आली. तिच्यात डायनामोच्या जागी अल्टरनेटर आला आणि बॅटरीचं ऋण टोक बॉडीला जोडलं जाऊ लागलं. त्याआधीच्या गाड्यांत बॉडीला धन टोक जोडलेलं असतं, हीच पॉझिटिव्ह अर्थ. ही गाडी १९६५ची. बाजारातला चार्जर मात्र सॉकेटचं बाहेरचं कडं ऋण आणि आतलं मधलं टोक धन, असं धरूनच बनवलेला असतो.

मेकॅनिकने सॉकेट आजच्या गाडीत बसवतात तसंच, कडं बॉडीला जोडून बसवलं. पहिला चार्जर लावल्या लावल्या गेला. चार्जरच हलका असणार, असं गॅरेजवाल्याने ठामपणे सांगितलं. मालकाने चांगल्यातला आणला, तोही गेला. मग कुठे वायरींची अदलाबदल झाली आणि फोन चार्ज होऊ लागला.

खरा धोका इथून सुरू झाला. आता सॉकेटच्या कड्यातच करंट होता. ते कडं लोखंडी पट्टीत बसवलेलं, आणि पट्टी पत्र्याच्या डॅशबोर्डला स्क्रूने आवळलेली. मध्ये आडोसा होता तो फक्त काळ्या टेपच्या वेढ्यांचा. साठ वर्षांच्या गाडीच्या थरथरीत टेप किती टिकणार?

वेल्समधल्या डोंगरी रस्त्यावर ती फाटली. आधी जळक्या प्लास्टिकचा वास आला, मग गुडघ्यांपाशी पांढरा धूर दिसू लागला. मालकाने गाडी कडेला घेतली आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. धूर थांबला नाही, उलट दाट झाला. सॉकेटची वायर कुठून घेतली असेल, हे त्यांना त्या क्षणी कळलं. या गाडीत तपकिरी वायर थेट बॅटरीकडून येते. ती फ्यूजच्याही अलीकडची आणि किल्लीच्याही. मेकॅनिकने तिलाच जोड मारला होता आणि वेगळा फ्यूज घातलाच नव्हता. बॅटरी काढावी म्हटलं, तर सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटच्या मागे, गालिचा आणि झाकणाखाली. क्लॅम्प सोडवायला पाना लागतो, आणि पाने डिकीत. शेवटी जाकिटाची बाही हातावर ओढून त्यांनी तापलेली वायर हिसकून काढली. तोवर शेजारच्या वायरींचं आवरण वितळून एकमेकांना चिकटलं होतं.

गॅरेजवाल्याचं पहिलं उत्तर होतं, ‘लुकसचं वायरिंग आहे, हे व्हायचंच.’ लुकस कंपनीच्या विजेच्या सामानाची ब्रिटनमध्ये पिढ्यान् पिढ्या टिंगल होते, तिच्याआड लपणं सोपं. पण ज्याला रंग वाचता येतात त्याला हेच वायरिंग सगळं सांगतं : तपकिरी म्हणजे थेट बॅटरी, जांभळी म्हणजे कायम चालू पण फ्यूजमधून, पांढरी किल्लीनंतरची बिनफ्यूजची, हिरवी किल्लीनंतरची फ्यूजमधली, काळी म्हणजे बॉडी. साठच्या दशकातल्या माणसांनी हे इतकं नीट करून ठेवलं होतं. जॉबकार्ड पुढे ठेवल्यावर उत्तर बदललं, ‘म्हणून तर टेप गुंडाळली होती.’

जुन्या गाडीत सॉकेट बसवू पाहणाऱ्यांना मालकाचं पहिलं सांगणं : बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला आहे ते मीटर लावून स्वतः बघा. गाडीचं साल बघून ठरवू नका, कारण मधल्या एखाद्या मालकाने ते बदललेलं असू शकतं. पुण्या-मुंबईच्या व्हिंटेज रॅलीत दिसणाऱ्या एमजी टीडी किंवा मॉरिस मायनरलाही हे लागू आहे, त्याही मुळात पॉझिटिव्ह अर्थच. अशा गाडीत सॉकेटच्या दोन्ही वायरी स्वतंत्र न्याव्यात आणि सॉकेट प्लास्टिकच्या किंवा लाकडाच्या खोक्यात बसवावं, पत्र्याला लागू देऊ नये. बॉडीला टेकलेल्या रेडिओला त्याच फोनची वायर जोडली, तरी शॉर्ट होऊ शकतं. इनपुट आणि आउटपुट पूर्ण वेगळे ठेवणारा कन्व्हर्टर घेतला तर ही भीती उरत नाही.

फ्यूज हवाच, आणि तो जिथून वायर घेतली तिथेच जवळ. फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो, फोनला नव्हे. दोन चौरस मिलिमीटरच्या साध्या वायरीला दहा अँपिअरचा फ्यूज पुरे. गाडीतला मूळचा काचेचा फ्यूज बघून फसायला होतं. लुकसच्या फ्यूजवर ३५ लिहिलेलं असतं, पण तो फ्यूज उडण्याचा आकडा. सतत तो १७च झेपवतो. त्या जागी आजच्या पद्धतीचा ३५चा फ्यूज घातला, की आधी वायर जळणार.

भाराचाही हिशेब करावा. या गाडीचा डायनामो जास्तीत जास्त २२ अँपिअर देतो आणि इंजिन मंद चालू असताना जवळजवळ काहीच देत नाही. फोनला एखादा अँपिअर लागतो, त्याने फरक पडत नाही. टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप मात्र दहाच्या आसपास ओढतो. रात्री दिवे लावून तो चालवला तर सगळं बॅटरीतूनच जातं.

बाकी नेहमीचंच : अग्निशामक हाताशी ठेवा, कामाचे फोटो काढा, सगळं लेखी घ्या.

लेखी घेतल्याचा उपयोग झाला. ब्रिटनच्या २०१५च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार काम वाजवी काळजीने आणि कौशल्याने करणं बंधनकारक आहे. मालकाने जॉबकार्डाची प्रत जोडून त्याच आधारे पत्र लिहिलं. सॉकेटचे पैसे परत आले, जळालेल्या वायरिंगचे द्यायला गॅरेजने नकार दिला. नवं वायरिंग मालकाने दुसऱ्या कारागिराकडून करून घेतलं. आता बॅटरीपाशी मुख्य स्विच आहे आणि तो सीटवर बसून हाताला लागतो. जुन्या गॅरेजला गेलेलं दुसरं पत्र अनुत्तरित आहे, आणि मालक रक्कम सोडायला तयार नाहीत.