विक्रीचा आलेख जोडताना ईदची तारीख पाहा



उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. हे लिहिण्याचे काम आता पुष्कळ दुकानांत टॅलीवर होते. पण लिहिलेले वाचावे कसे? रोहण्यासारख्या कापूसपट्ट्यातील गावात कापडाचा धंदा वर्षभर सारखा चालत नाही. कापूस विकला गेला की उधारी वसूल होते. ईद, दिवाळी आणि लग्नसराईत गिऱ्हाईक वाढते. हा चढउतार आलेखात चटकन दिसतो.

त्यासाठी हिशेबाचा नवा प्रोग्राम घेण्याची गरज नाही. टॅलीप्राईममध्ये एफ१ दाबून सेटिंग्ज, मग कनेक्टिव्हिटी उघडावे व ओडीबीसी सुरू करावे. पोर्ट सहसा ९००० असतो. एक्सेलच्या डेटा मेनूतून ओडीबीसी निवडले की खात्यांची व मालाची शिल्लक थेट येते. त्या वेळी टॅलीत आपली कंपनी उघडी असली पाहिजे. रोजच्या विक्रीसाठी सेल्स रजिस्टर एक्सपोर्ट करून दर वेळी त्याच नावाने, त्याच फोल्डरमध्ये ठेवावे. पॉवर क्वेरीने ती फाईल एकदा जोडली की ‘रिफ्रेश’ करताच आलेख बदलतो. आकडे हाताने पुन्हा भरू नयेत. वह्या दोन झाल्या की हिशेबही दोन होतात.

खरी मेख पुढे आहे. हिशेबी वर्ष एप्रिल ते मार्च, तर रमजान दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे येतो. महाराष्ट्रात ईदुल फित्र २०२४ साली ११ एप्रिलला, तर २०२५ साली ३१ मार्चला झाली. म्हणजे २०२४-२५ या एकाच वर्षात आधीच्या ईदचे शेवटचे गर्दीचे दिवस आणि पुढचा रमजान पूर्ण आला. आलेखात विक्री चढलेली दिसेल, पण तेवढी सगळी धंद्याची वाढ नव्हे. त्या भरवशावर नागपूरच्या गांधीबागेतून उधारीने जादा माल उचलला, तर माल अडकेल आणि देणे मात्र उभे राहील.

उपाय सोपा आहे. विक्रीच्या तक्त्यात ‘ईदला किती दिवस बाकी’ असा एक रकाना जोडावा. ईदच्या तारखेतून बिलाची तारीख वजा केली की तो भरतो. मग दोन्ही वर्षांतील ईदपूर्वीचे ३० दिवस शेजारी मांडून तुलना करावी. आलेखाची बेरीज टॅलीशी जुळल्याशिवाय खरेदीची ऑर्डर देऊ नये.

अल्लाह आपल्या तिजारतीत बरकत देवो.