हुकलेली फेरी आणि एकवीस दिवस

गोपालकाच्या दारी जाऊन कृत्रिम रेतन करण्याची पद्धत महाराष्ट्राला नवी नाही. मणिभाई देसाई यांनी १९६७ साली उरुळी कांचन येथे स्थापन केलेल्या ‘बाएफ’ संस्थेने ही सेवा खेडोपाडी नेली. सेवा दाराशी आली, तरी एक अडचण मात्र उरलीच. द्रव नत्राचे पात्र मोटारसायकलला बांधून सेवक वाडीवर पोहोचतो आणि पाहतो तो घराला कुलूप व गाय रानात चरावयास गेलेली!

इतर फिरत्या व्यवसायांत अशी भेट उद्यावर टाकता येते. येथे ते शक्य नसते. गाईचा माज साधारणतः १२ ते १८ तास टिकतो. म्हणून सकाळी माज दिसल्यास सायंकाळी, आणि सायंकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करण्याचा प्रघात आहे. ही वेळ टळली की पुढचा माज सुमारे २१ दिवसांनी. तोवर भाकड गाईच्या वैरणीचा भार मालकाच्याच माथी.

म्हणजे चुकीचा दंड मालकास अगोदरच झालेला असतो. त्याला वर बोल लावून काही साधत नाही. दक्षता घ्यावयाची ती निरोप घेतानाच. माज केव्हा दिसला, घरी कोण असेल, गाय दावणीला राहील काय, हे विचारावे व निघण्यापूर्वी पुन्हा दूरध्वनी करावा. तो घरातील स्त्रीला केलेला बरा. गाईचे हंबरणे, काचेसारखा पारदर्शक स्राव ही लक्षणे बहुधा प्रथम तिच्याच नजरेस पडतात. मोबाईल मात्र पुष्कळदा पुरुषाच्या खिशात असतो.

उणे १९६ अंश सेल्सियस तपमानात ठेवलेली रेतमात्रा गाय समोर बांधलेली दिसल्याशिवाय बाहेर काढू नये. वितळलेली कांडी पुन्हा गोठवून वापरता येत नाही. हे पथ्य पाळल्यास हुकलेल्या फेरीत केवळ पेट्रोल जाते. परत फिरण्यापूर्वी पुढच्या माजाची संभाव्य तारीख शेजाऱ्याजवळ लिहून द्यावी आणि स्वतःच्या नोंदवहीतही टिपावी. ग्रामपंचायतीने चावडीजवळ खोडा उभारून भेटीची वेळ फलकावर लावली, तर निम्मे हेलपाटे वाचावेत.

मालकच नेहमी चुकतो असेही नाही. पावसाळ्यात ओढ्याला पूर येतो, एकाच सकाळी चार गावांचे निरोप येतात आणि सेवकच पोहोचत नाही. अशा वेळी त्याने तासाभरात तसे कळवावे, म्हणजे मालकास नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गाय नेण्यास अवधी मिळतो.