‘हे आत्ता नाही’ म्हणण्याची नोकरी

“हिला कोडिंग आवडत नाही म्हणते. मग आयटीत हिला घेणार कोण?” करिअरचा सल्ला घ्यायला माझ्याकडे माणिकपूरहून आलेल्या एका आईंचा प्रश्न. मुलगी बीएस्सी आयटीच्या शेवटच्या वर्षाला, शेजारी मान खाली घालून बसलेली.

मी विचारलं, लोकलचं तिकीट कसं काढता? “मोबाइलवर.” मग त्यांना जुनी आठवण करून दिली. रेल्वेचं तिकिटांचं यूटीएस ॲप मुंबईत आलं २०१४ च्या डिसेंबरात. तेव्हा पैसे फोनवरून भरायचे, पण तिकीट मात्र स्टेशनातल्या एटीव्हीएम मशीनवर छापून घ्यायचं. कागदाशिवायचं तिकीट पश्चिम रेल्वेवर मिळालं २०१५ च्या जुलैत. कागद काढून टाकायचा तर गाडीत बसल्यावर, टीसी दिसला की तिकीट काढण्याची पळवाट बंद करायला हवी. तेच तिकीट दुसऱ्याच्या फोनवर धाडताही येता कामा नये. त्या पळवाटेसाठीच तर जीपीएस आणि स्टेशनापासून लांब उभं राहण्याची अट आली. आता हे सगळं जमेपर्यंत थांबायचं, की छापील तिकिटाची सोय आधी देऊन टाकायची? असा निर्णय कुणीतरी बसून घेतं आणि त्याचा पगार मिळतो. कंपन्यांत अशा माणसांना बिझनेस ॲनालिस्ट किंवा प्रॉडक्ट ओनर म्हणतात.

त्यांच्याकडे कायम एक ‘बॅकलॉग’ असतो. पालकहो, दचकू नका, ही नापास विषयांची केटी नव्हे! ग्राहकांच्या राहिलेल्या मागण्यांची ती यादी.

मुलीला तिथंच एक काम दिलं. तुमच्या सोसायटीचं ॲप करायचंय. माणसं दोन, मुदत सहा आठवडे. सेक्रेटरींना गेटवर पाहुण्यांची नोंद हवी, खजिनदारांना मेंटेनन्सची पावती, तरुणांना हॉलचं बुकिंग, आणि घराघरातल्या बायकांना पाण्याचा टँकर आला की मेसेज. आधी काय करशील? “टँकर,” ती लगेच म्हणाली. बरोबर, पण मेसेज पाठवणार कुणाला? ती थांबली. थोड्या वेळानं म्हणाली, “आधी फ्लॅट नंबर आणि मोबाइलची यादी लागेल.” ही यादी कुणीच मागितली नव्हती, तरी पहिल्या आठवड्यात तीच. महत्त्व एका गोष्टीला आणि नंबर आधी दुसरीचा, ही गाठ तिला पाच मिनिटांत सुटली. हॉलचं बुकिंग तिनं सरळ पुढच्या रिलीजला ढकललं. तरुणांना कसं समजावशील, यावर मात्र गप्प. खरी परीक्षा तिथंच असते, कारण नकार दिल्यावर चिडलेल्या माणसाला कारण पटवावं लागतं. मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही भाषांत.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. कॉलेजातून थेट हे पद सहसा मिळत नाही. आधी टेस्टिंग, सपोर्ट किंवा थोडंफार कोडिंग करत दोन-तीन वर्षं काढावी लागतात. प्रोग्रॅम लिहिला नाही तरी वाचता यावा, एक्सेल आणि एसक्यूएल हाताखालून गेलेलं असावं. जिरा हे बॅकलॉग सांभाळायचं सॉफ्टवेअर आठवडाभरात कळतं. त्यासाठी हजारो रुपयांचा क्लास लावू नका.

त्यापेक्षा या रविवारी आपल्या सोसायटीत फिरा, पंधरा मागण्या वहीत उतरवा. त्यातल्या दहा खोडा, प्रत्येकीपुढे कारण लिहा आणि ती वही घेऊन माझ्याकडे या.