स्ट्रोकर : ब्लॉक तोच, इंजिन मोठं!

"स्ट्रोक वाढवला की टॉर्क का वाढतो?" हा व्हायव्हातला लाडका प्रश्न. बहुतेक जण छातीठोकपणे सांगतात, "सर, क्रँकचा आर्म लांब होतो म्हणून!" आणि सर नुसतेच हसतात. मित्रांनो, ते का हसतात हे समजायला जरा अमेरिकेत जाऊ, तिथल्या एका जुन्या गाडीच्या बॉनेटखाली. (आधीच सांगतो, मी कॉन्व्हेंटवाला. पिस्टनला 'दट्ट्या' म्हणणं मला काही जमणार नाही.)

1967 च्या शेव्हरोले कॅमेरोत 350 क्यूबिक इंचांचं व्ही-एट इंजिन आलं. बोअर 4 इंच, स्ट्रोक 3.48 इंच, म्हणजे आपल्या हिशेबात सुमारे 5733 सीसी. 1970 मध्ये कंपनीने त्याच घराण्यातलं 400 क्यूबिक इंचांचं इंजिन काढलं. त्याचा स्ट्रोक 3.75 इंच. मग हौशी लोकांनी काय केलं? 400 चा क्रँक उचलला आणि 350 च्या ब्लॉकमध्ये बसवला. जुना ब्लॉक झिजलेला असतोच, म्हणून जोडीला 30 थाऊ बोअर मारून घेतला. झालं 383, म्हणजे साधारण 6271 सीसी! यालाच 'स्ट्रोकर' म्हणतात.

आता कॅल्क्युलेटर काढा. नुसता बोअर 4.030 केला तर 5819 सीसी होतात, म्हणजे वाढ फक्त 86 ची. उरलेले साडेचारशे सीसी दिले स्ट्रोकने. मग कोणी म्हणेल, बोअरच आणखी मारा ना! आपल्या हॉस्टेलच्या पार्किंगमधली जुनी बुलेट बघा. 350 चा बोअर-स्ट्रोक 70 बाय 90 मिमी आणि 500 चा 84 बाय 90. तिथे बोअरच वाढवलाय. पण तिथे सिलिंडर एकटा असतो, शेजारी कोणी नाही. आपल्या व्ही-एटमध्ये दोन शेजारी सिलिंडरच्या केंद्रांतलं अंतर 4.40 इंच, ते बदलता येत नाही. जुन्या स्ट्रोकवर 383 हवं असेल तर बोअर 4.18 इंच लागेल. म्हणजे दोन भिंती आणि मधलं पाणी, सगळं मिळून साडेपाच मिलिमीटरमध्ये! खुद्द कंपनीने 400 मध्ये 4.125 चा बोअर दिला, तेव्हा भिंती एकमेकींना चिकटवून मधलं पाणी काढूनच टाकावं लागलं.

आता टॉर्क. फोर-स्ट्रोक इंजिनाचा टॉर्क म्हणजे मीन इफेक्टिव्ह प्रेशर गुणिले एकूण व्हॉल्यूम, भागिले 4π. यात आर्म कुठे दिसतोय का? व्हॉल्यूम तेवढाच ठेवून स्ट्रोक वाढवला तर बोअर कमी करावा लागतो. आर्म लांबतो, पण पिस्टनवरचा जोर तेवढ्याच प्रमाणात घटतो. हिशेब फिट्टंफाट. 383 ला टॉर्क जास्त मिळतो तो व्हॉल्यूम वाढला म्हणून. सरांना हे उत्तर द्या, मग बघा.

क्रँक बसवताना खरी गंमत सुरू होते. 400 च्या क्रँकचे मेन जर्नल 2.65 इंचांचे, 350 च्या ब्लॉकला हवेत 2.45 चे. म्हणून ते ग्राइंड करायचे. (आज योग्य मापाचे तयार क्रँक मिळतात, पण मला जुना जुगाडच जास्त आवडतो.) पुढचा प्रश्न उंचीचा. ब्लॉकची डेक हाइट 9.025 इंच. अर्धा स्ट्रोक, अधिक रॉडची लांबी, अधिक पिनपासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतचं अंतर, एवढी बेरीज त्यात बसली पाहिजे. अर्धा स्ट्रोक 0.135 इंचांनी वाढला. जुनाच 5.7 इंची रॉड आणि जुनाच पिस्टन ठेवला, तर पिस्टन डेकच्या वर पावणेतीन मिलिमीटर येऊन थेट हेडला धडकेल. कंपनीने 400 मध्ये रॉड 5.565 चा दिला होता. वजाबाकी करून बघा, बरोबर 0.135! पण आखूड रॉड जास्त तिरपा होतो, पिस्टन भिंतीवर जास्त दाबला जातो. म्हणून बरेच जण 5.7 चा रॉड ठेवतात आणि पिन वर सरकवलेले पिस्टन घेतात.

टीओएममधलं स्लायडर-क्रँक इथे कामाला येतं. 6000 आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग 17.7 वरून 19 मीटर प्रतिसेकंदावर जातो आणि वरच्या टोकाला त्वरण सुमारे दहा टक्के वाढतं, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या अडीच हजार पट! हा ताण रॉडच्या बोल्टवर येतो, तिथे पैसे वाचवू नयेत. शिवाय हेड आणि व्हॉल्व तेच असतील तर वरच्या आरपीएमला इंजिनाला श्वास पुरत नाही. त्यामुळे फायदा मुख्यतः खालच्या आणि मधल्या आरपीएमला, रस्त्यावरच्या गाडीला तेच हवं. रेससाठी कंपनीने 1967 मध्ये झेड-28 कॅमेरोत बरोबर उलटं केलं होतं : बोअर 4 इंच, स्ट्रोक फक्त 3 इंच, एकूण 302. कारण ट्रान्स-अ‍ॅम रेसची मर्यादा 305 होती आणि त्यांना आरपीएम हवे होते.

कॉम्प्रेशन रेशोही बघावा लागतो. समजा एका सिलिंडरचा क्लिअरन्स व्हॉल्यूम 80 सीसी आहे. 350 मध्ये रेशो जवळजवळ 10 येतो, 383 मध्ये तो 10.8 होतो. साध्या पेट्रोलवर नॉकिंग नको असेल तर माथ्याला खोलगट वाटी असलेले पिस्टन घ्यायचे.

बॅलन्सिंगमध्ये लोक हमखास फसतात. 400 च्या क्रँकचं थोडं वजन बाहेर, फ्लायव्हील आणि डॅम्परवर असतं. त्याला 350 चेच फ्लायव्हील-डॅम्पर लावले तर इंजिन थरथरून बेअरिंग खातं. आणि शेवटी रॉडचे बोल्ट : मोठा घेर घेताना ते खाली सिलिंडरच्या कडेला आणि वर कॅमशाफ्टला घासू शकतात. ब्लॉकची कड ग्राइंडरने थोडी खायची, दीड मिलिमीटर तरी फट ठेवायची. मग आठही रॉड लावून क्रँक हाताने सावकाश दोन फेरे फिरवायचा. दोन का? कॅमशाफ्ट अर्ध्या वेगाने फिरतो, त्याचा एक फेरा पूर्ण व्हायला क्रँकचे दोन लागतात. कुठे अडकलं तर जोर लावायचा नाही, सगळं पुन्हा उघडायचं.