फळ्यावरचा पाऊस

शाळेत येणाऱ्या पालकांनी फळ्याचा उजवा कोपरा पाहिला असेलच. आदल्या दिवसापासून किती पाऊस पडला ते तिथे लिहिलेले असते. यंदा ते काम माझ्याकडे आहे.

आमचे पर्जन्यमापक घरगुतीच. सरळ बाजूंच्या प्लॅस्टिकच्या बाटलीचे तोंड कापायचे आणि तेच उलटे करून नरसाळ्यासारखे बसवायचे. बूड उंचसखल असते, म्हणून तळाशी खडे घालून पट्टीच्या शून्यापर्यंत पाणी भरायचे. बाटली उघड्यावर हवी, झाडाखाली नको. हवामान खाते सकाळी साडेआठला पाऊस मोजते, म्हणून आम्हीही तेव्हाच मोजतो. 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 चौरस मीटर जागेवर 1 लिटर पाणी. हे मला पाठ होते, पण कळले ते जूनमधल्या एका शुक्रवारी.

त्या दिवशी उशीर झाला होता. मैदान ओले दिसले. वाकून बघायचा कंटाळा केला आणि अंदाजाने 9 लिहून टाकले. बेरीज 68 ची 77 झाली.

दुपारी आमच्या शेजारचे आप्पा नातवाला न्यायला आले. फळा बघून म्हणाले, "पंच्याहत्तरच्या वर गेला की! उद्या तिफण धरतो."

75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असे कृषी खाते सांगते. कमी ओलीवर पेरले अन् पावसाने ओढ दिली, तर दुबार पेरणी. माझ्या पोटात गोळाच आला.

बाटलीकडे पळालो. सकाळी ती रिकामीही केली नव्हती (तेवढा आळस मात्र कामी आला), आणि नंतर थेंबही पडला नव्हता. पाणी 3 वर होते. म्हणजे 6 मिलिमीटर मी खडूनेच पाडले! एका एकरावर ते सुमारे 24 हजार लिटर होतात. 200 लिटरची 120 पिंपे!

गुरुजींना सांगितले. ते काही बोलले नाहीत, फक्त खडू हातात दिला. 77 पुसून 71 केले. शाळा सुटल्यावर थेट आप्पांचे घर गाठले.

"बरं झालं आलास," आप्पा म्हणाले. "बियाण्याची पिशवी अजून फोडली न्हाई."

आता मी उकिडवा बसतो. डोळा पाण्याच्या रेषेत आणतो. कडेला पाणी जरा वर चढलेले असते, म्हणून मधला खालचा भाग धरायचा. वर्गातली एक मैत्रीण वेगळे वाचते. दोघांचे जुळले की लिहितो, मग बाटली पुन्हा शून्यावर आणतो. एखादा दिवस राहिलाच, तर तिथे नुसती रेघ मारतो.

पुढच्या बुधवारी बेरीज 84 झाली. वाफसा आल्यावर आप्पांनी पेरले.