'पुट अप विथ' : सोसण्याच्या अर्थच्छटा

निफाड तालुक्यातील सायखेडा हे गोदाकाठचे गाव. ऑगस्ट २०१६ मध्ये गोदावरीला महापूर आला, तेव्हा सायखेडा व चांदोरी या गावांत पाणी शिरले. अशा प्रसंगाचे इंग्रजीत वर्णन करताना विद्यार्थी सहजच 'पुट अप विथ' हा शब्दप्रयोग योजतो. तो कितपत योग्य आहे?

'पुट' म्हणजे ठेवणे; परंतु हे तीन शब्द एकत्र येताच 'खपवून घेणे' असा स्वतंत्र अर्थ सिद्ध होतो. मराठीतही 'खपवून घेणे' यातील 'घेणे' आपला मूळ अर्थ सोडतेच. साध्या विधानात कर्म 'विथ'नंतर येते; भूतकाळातही 'पुट' हेच रूप राहते. गोंगाट, दिरंगाई, शेजाऱ्याचा तापट स्वभाव यांसाठी हा प्रयोग शोभतो. त्यात नाराजी असते, प्रतिकार नसतो.

पुराने शेत खरवडून नेल्यावर पुन्हा नांगर धरणारा शेतकरी संकट नुसते खपवून घेत नाही. त्याच्यासाठी 'बेअर अप', म्हणजे धीर न सोडणे, अथवा 'होल्ड आउट', म्हणजे तग धरणे, हेच प्रयोग समर्पक ठरतात. हा भेद ज्याला उमगला, त्याच्या लेखणीतून संकटग्रस्तांच्या जिद्दीवर अन्याय होणार नाही.