रोजच्या वाटणीत कोण राहून गेले?

अभ्यासपाठ : प्रेषितांची कृत्ये ६:१-७, अनुवाद २४:१४-१५



यरुशलेमची मंडळी अजून नवी होती. तिथे गरजू विधवांना रोजचे अन्न वाटले जात असे. त्या वाटणीत ग्रीक बोलणाऱ्या विधवा राहून जाऊ लागल्या आणि कुरकुर सुरू झाली. हा उतारा आपण बहुधा सेवकांची निवड असली की वाचतो. आज तो त्या विधवांच्या बाजूने वाचू या. अन्न कमी पडले, असे लूक कुठेही म्हणत नाही. अन्न होते, वाटणीही रोज होत होती. काही जणींच्या हाती मात्र ती पोहोचत नव्हती.

आपल्या पाड्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांच्या पेन्शनचेही बरेचसे असेच आहे.

महाराष्ट्रात ६५ वर्षांवरील निराधारांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. ६५ पेक्षा कमी वयाच्या विधवा, परित्यक्ता, अपंग आणि दुर्धर आजारी यांच्यासाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. ती १९८० साली, अंतुले मुख्यमंत्री असताना सुरू झाली. २०२३ मध्ये या दोन्ही योजनांची रक्कम महिना १००० वरून १५०० रुपये झाली. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असलेल्या वृद्धाच्या १५०० पैकी २०० रुपये केंद्र सरकारचे असतात. वयाची ८० वर्षे पूर्ण झाली की केंद्राचा वाटा ५०० होतो. तो २०० चा आकडा २००७ पासून हललेला नाही, त्या काळात मिठापासून मीटरपर्यंत सगळे हलले.

१५०० रुपयांत काय होते, असे आपल्यातले काही विचारतात. वर्षाचे १८ हजार होतात. नाताळात आपण जी किराणा पिशवी देतो ती आठ-दहा दिवस पुरते. पिशवी द्यावीच, पण पिशवीचे छायाचित्र निघते आणि पेन्शनच्या अर्जाचे निघत नाही, म्हणून आपले लक्ष कुठे जाते हे आपणच तपासावे.

आता अडते कुठे? पहिली अडचण उत्पन्नाच्या अटीची. ज्याचे नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत नाही, त्याच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असले पाहिजे. म्हणजे महिना १७५० रुपये, तेही सबंध कुटुंबाचे. रोजगार हमीच्या कामाची महाराष्ट्रातली मजुरी २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये ठरली. घरातल्या एकाच माणसाने तेव्हाच्या कायद्याने कबूल केलेले १०० दिवस काम केले तर ३१,२०० रुपये होतात. सरकारने स्वतः दिलेले काम पूर्ण केले, की त्याच घरातली आजी सरकारच्या दृष्टीने निराधार राहत नाही! यादीचा आधार घ्यावा, तर ती जुन्या पाहणीची. कित्येक घरे तेव्हा ऊसतोडीला नाहीतर भट्टीवर गेलेली. मग दाखल्यावर वीस हजारांच्या आसपासचा आकडा पडतो आणि सगळेच गप्प बसतात. खोटा आकडा लिहून घ्या असे मी सांगणार नाही. पण ज्या अटीमुळे गरिबाला खोटे बोलावे लागते ती अट बदला, असे आपल्या आमदारांना लिहिण्याइतके तरी आपण केले आहे काय?

दुसरी अडचण वयाची. जन्माची नोंद नाही, शाळेचे तोंड पाहिलेले नाही, आणि आधार काढताना समोरच्याने अंदाजाने १ जानेवारी टाकून दिलेली. नातवंडे बारावीला पोहोचली, तरी कागदावर आजी ५८ वर्षांची. मतदार यादीतले जुने वय, मुलांच्या शाळेचे दाखले, सरकारी दवाखान्यातला वयाचा दाखला असे एकेक गोळा करत बसावे लागते.

तिसरी अडचण खात्याची. ही नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण इथे मंजूर झालेले पैसेही हरवतात. आधारवरून पाठवलेले पैसे अर्जासोबत दिलेल्या खात्यात जातीलच असे नाही. आधार ज्या बँकेशी शेवटी जोडले गेले त्या खात्यात ते जातात. एका पाड्यावरच्या आजींचे पेन्शन आठ महिने बंद होते. सरकारने नाव कापले, असे सगळे म्हणत. मी सोबत गेलो. कचेरीत सांगितले, पैसे जात आहेत. बँकेत सांगितले, येत नाहीत. दोन्ही खरे होते. मधे कधीतरी एका शिबिरात आजींचा अंगठा घेऊन दुसऱ्याच बँकेत खाते उघडले गेले होते. पासबुक पत्र्याच्या पेटीत, लुगड्याखाली सापडले. बारा हजार रुपये तिथे जमा होते. आजी हसल्या आणि म्हणाल्या, "मी रोज त्याच्यावरच डोकं टेकून निजत व्हते." आधारला मोबाईल जोडलेला असेल तर कोणती बँक जोडली आहे हे आधारच्या संकेतस्थळावर पाहता येते. आपल्या तरुण संघातल्या मुलांना हे पाच मिनिटांचे काम आहे.

अंगठा हीही एक कथाच. उभा जन्म मजुरीत गेला की बोटांवरच्या रेषा पुसट होतात आणि यंत्र माणसाला ओळखत नाही. अशा वेळी दुसरी बोटे लावून पाहावीत, बुबुळाच्या खुणेची सोय आहे का ते विचारावे. पैसे काढताना पावती मागावी आणि पासबुक भरून घ्यावे. "आज सर्व्हर नाही" असे सांगून रक्कम मधेच काढून घेतल्याच्या तक्रारी थोड्या नाहीत.

कमावत्या माणसांचे पाहू. जव्हार-मोखाड्यात दिवाळी झाली की घरेच्या घरे वीटभट्ट्यांकडे निघतात. आधी उचल घेतलेली, आठवड्याला खर्ची, आणि हिशेब पावसाच्या तोंडाशी. अनुवादाच्या २४ व्या अध्यायात मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यायला सांगितले आहे, कारण त्याचा जीव तिच्यावर टांगलेला असतो. मजूर आपल्या भावांपैकी असो की परका, नियम एकच. महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळातून धडा घेतला, वि. स. पागे यांच्या आग्रहातून रोजगार हमी उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. काम मागणे हा त्या कायद्याने हक्क ठरवला. पण मागणी तोंडी केली तर तिला पुरावा नसतो. अर्ज लेखी द्यावा आणि तारखेची पोच घेतल्याशिवाय उठू नये.

चाळिशीच्या आतल्यांसाठी अटल पेन्शन योजना आहे. १८ व्या वर्षी सुरू केली तर महिना ४२ रुपयांत साठीनंतर महिना १००० रुपये पेन्शन. भट्टीवरून परतल्यावर हातात थोडे पैसे असतात, तेव्हाच हे बोलावे. ई-श्रम कार्ड म्हणजे पेन्शन, अशी समजूत मात्र पाड्यापाड्यावर आहे. ती नोंदणी आहे. नुसत्या कार्डावर दरमहा काही मिळत नाही.

आता पुन्हा यरुशलेमला. प्रेषितांनी स्वतःच वाढायला बसण्याऐवजी सात माणसे निवडायला सांगितली. त्यांची नावे वाचा : स्तेफन, फिलिप, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सगळी ग्रीक नावे. ज्यांच्या विधवा राहून गेल्या, बहुधा त्यांच्यातलेच लोक वाटणीवर नेमले गेले. आपण मात्र पाड्यावर शहरातला कार्यकर्ता पाठवतो, ज्याला वारली कळत नाही की पावरी कळत नाही. त्याच पाड्यावरची दहावी शिकलेली मुलगी हे काम अधिक नीट करील. तिला एसटीचे भाडे आणि बुडालेल्या दिवसाची मजुरी आपण द्यावी, एवढेच.

गटात बोलण्यासाठी : आपल्या मंडळीच्या नोंदवहीत ६५ वर्षांवरील किती जण आहेत, आणि त्यांपैकी कोणाला पेन्शन मिळते हे कोणाला ठाऊक आहे? हयातीचा दाखला वर्षातून एकदा द्यावा लागतो. मुले भट्टीवर असताना म्हाताऱ्यांना तो द्यायला कोण नेते? पुढच्या बैठकीला प्रत्येकाने एका वृद्धाचे पासबुक, त्यांच्या परवानगीने, भरून आणावे आणि शेवटची जमा कोणत्या महिन्याची आहे ते वाचून दाखवावे.